परीपंथी विक्काचा खरेपणा: वाद कसा मांडावा

गेल्या मे महिन्यात माझी भाची गोव्यातील मांद्रे येथील तीन दिवसांच्या एका शिबिराहून परतली, तेव्हा तिच्या पिशवीत जाड कागदावर छापलेले एक प्रमाणपत्र होते. वर पंखवाल्या परीचे चित्र होते आणि खाली, प्रमाणपत्र धारण करणाऱ्या व्यक्तीस आयर्लंडच्या परीलोकाची हजारो वर्षांची अखंड विद्या देण्यात आली असल्याचा मजकूर होता. मी तो वाचला आणि हसलो. ती काही बोलली नाही, पण हुमण-भात अर्धा टाकून पानावरून उठली. हसणे वाईट होतेच; त्याहून वाईट हे, की मी नेमका कशाला हसलो असे तिने त्या वेळी विचारले असते, तर मला धड उत्तर देता आले नसते. तिचे शिबिर परीपंथी विक्काचे होते; विक्का म्हणजे देवी-देव आणि जादूविधी मानणारा एक आधुनिक पाश्चात्त्य पंथ, आणि परीपंथी म्हणजे त्याची परींच्या नावाने चालणारी शाखा. पुढे फोंड्याच्या आमच्या छोट्या वाचकमंडळात तिच्या खरेपणावर दोन बैठका झाल्या. पहिली पार फसली, दुसरी बऱ्यापैकी जमली, आणि दोहोंमधल्या फरकातून जे उमगले ते, असा वाद ज्यांच्या घरी किंवा मित्रमंडळीत उभा राहील त्यांच्यासाठी, येथे लिहून ठेवत आहे.

आधी नाव पक्के करावे

वादाला बसण्यापूर्वी समोरची व्यक्ती कोणत्या परंपरेविषयी बोलते आहे हे विचारून घ्यावे, कारण 'फेअरी' हे नाव निदान तीन वेगळ्या प्रवाहांना लावले जाते आणि एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो. पहिला प्रवाह कॅलिफोर्नियातील व्हिक्टर अँडरसन (१९१७–२००१) आणि त्यांच्या पत्नी कोरा यांचा. त्यांच्या परंपरेचे नाव पूर्वी 'फेअरी' असेच लिहिले जाई. इतरांपासून वेगळेपण दिसावे म्हणून पुढे 'फेरी' हे लेखन रूढ झाले. ग्विडिअन पेंडरवेन यांनी तिच्या विधींना आकार दिला आणि स्टारहॉक यांच्या १९७९ मधील पुस्तकामुळे तिच्यातील काही कल्पना जगभर गेल्या. दुसरा प्रवाह १९९० च्या दशकात अमेरिकेत छापल्या गेलेल्या 'फेअरी विक्का'वरील पुस्तकांचा. त्यांत आधुनिक विक्काच्या सांगाड्यावर आयरिश देवतांची आणि परीगणांची नावे चढवलेली असतात, आणि भाचीने आणलेल्या टिपणांवरून तिचे शिबिर याच घराण्यातले होते हे लगेच कळत होते. तिसरा प्रवाह 'रॅडिकल फेअरीज' हा १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला, मुख्यतः समलिंगी पुरुषांचा मेळा असून त्याच्या नावावरून या वादात काही सिद्ध होत नाही. त्याला बाजूला ठेवावे.

'विक्का' या शब्दाविषयीही एक गोष्ट आरंभीच मिटवून टाकावी. हा शब्द जुन्या इंग्रजीत सापडतो, तेथे त्याचा उच्चार 'विच्चा' असा काहीसा होता आणि अर्थ होता जादूटोणा करणारा पुरुष. म्हणजे शब्द हजार वर्षांपूर्वीचा आहे यात शंका नाही, परंतु शब्दाचे वय धर्माला लागू होत नाही. पर्वरीच्या मंत्रालयात मंत्री बसतात म्हणून ते कौटिल्याच्या काळातले ठरत नाही, इतके सोपे उदाहरण दिले तरी बैठकीतली दहा मिनिटे वाचतात.

आणखी एक शब्द आपल्या बाजूने घोटाळा करतो. आयरिश 'शी', म्हणजे टेकाडांत राहणारे अदृश्य लोक, यांना आपण मराठीत सहज 'परी' म्हणतो. परी हा शब्द फारसीतून आलेला. तो उच्चारताच नाजूक, सुंदर, उडणारी स्त्री डोळ्यांसमोर येते, आणि वाद सुरू होण्याआधीच शिबिरवाल्यांचे चित्र आपण मान्य करून बसतो. आयर्लंडच्या खेड्यातील शी हे परीपेक्षा आपल्या देवचाराच्या किंवा राखणदाराच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या अदृश्य रक्षकाच्या, अधिक जवळचे आहेत. त्यांची हद्द असते, त्यांचा मान असतो, मान चुकला तर त्रास होतो आणि त्यांचे नाव रात्री मोठ्याने घेतले जात नाही.

'खरे' या शब्दाची फोड करावी

आमची पहिली बैठक येथेच बुडाली. एक गृहस्थ म्हणाले की हा सगळा प्रकार खोटा आहे. भाची म्हणाली की तिला शिबिरात जे जाणवले ते खरे आहे. आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असल्यामुळे दीड तास कोणी कोणाला हरवू शकले नाही. खरे म्हणजे काय, हे तुकडे करून विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. विधी आणि समजुती किती जुन्या आहेत हा वयाचा प्रश्न झाला. त्या कोणाकडून कोणाकडे आल्या आणि मधली कडी दाखवता येते का, हा साखळीचा प्रश्न झाला. ज्या भूमीचे नाव सांगितले जाते तेथील लोकांना त्या ओळखीच्या वाटतात का, हा मातीचा प्रश्न. आणि आचरणाऱ्याच्या आयुष्यात त्यांना अर्थ आहे का, हा निष्ठेचा प्रश्न. या शेवटच्या प्रश्नावर कागदपत्रांचा अधिकार चालत नाही, म्हणून तो वादाच्या बाहेर ठेवावा, मात्र बाहेर ठेवला आहे हे सर्वांदेखत सांगून ठेवावा. तसे न सांगितल्यास बोलणारा घायाळ होतो आणि पहिल्या तीन प्रश्नांवरही ऐकेनासा होतो.

हे प्रश्न एकमेकांपासून किती सुटे आहेत हे पाहण्यासाठी गोव्याबाहेर जावे लागत नाही. श्रीमंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी. पोर्तुगीज राजवटीत देवळे पाडली जाऊ लागल्यावर सोळाव्या शतकात देव जुवारी ओलांडून प्रियोळला आला आणि आजची वास्तू बव्हंशी अठराव्या शतकात उभी राहिली. वास्तूचे वय विचारले तर एक उत्तर, जागेचे विचारले तर दुसरे, देवाचे विचारले तर तिसरे. तरीही मंगेशी खोटी असे कोणी म्हणत नाही, कारण साखळी दाखवता येते: कोणती कुटुंबे, कोणत्या गावातून, कशामुळे आणि कोठे आली हे ठाऊक आहे. परंपरा तुटते, हलते, नव्याने बांधली जाते, आणि तरी ती परंपरा राहते. अडचण तेव्हाच येते जेव्हा कोणी अठराव्या शतकातील भिंतीवर हात ठेवून ती अनादी असल्याचे सांगू लागतो.

साखळी कडीकडीने तपासावी

आता प्रत्यक्ष तपासणी. परीपंथी विक्काची कोणतीही शाखा घेतली तरी तिच्या विधींचा आराखडा, म्हणजे वर्तुळ आखणे, चार दिशांना आवाहन, देवी व देव यांची जोडी, वर्षाचे आठ सण, हा जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) यांच्यापर्यंत जाऊन पोहोचतो की नाही हे प्रथम पाहावे. गार्डनर मलायात जकात खात्यात नोकरीला होते, १९३६ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परतले, आणि १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागातील एका गुप्त मंडळीने आपल्याला दीक्षा दिली असे त्यांनी पुढे सांगितले. इंग्लंडमधील १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्यांचे 'विचक्राफ्ट टुडे' प्रसिद्ध झाले. आठ सणांचे एकत्रित चक्र या १९५० च्या दशकातले आहे. त्यातील सॉविन किंवा लुनासा यांसारखे सण जुन्या आयरिश ग्रंथांत निश्चितपणे आहेत, पण आठांची माळ तेथे कोणी ओवलेली नाही. आणि शरद संपाताच्या सणाला आज सर्रास दिले जाणारे 'माबॉन' हे नाव तर १९७० च्या दशकात एका अमेरिकी लेखकाने सुचवलेले आहे. कोणी सांगू लागले की प्राचीन आयर्लंडमधील परीपूजक माबॉन साजरा करीत, तर तेथे शांतपणे थांबून हे वर्ष सांगावे.

गार्डनर यांच्या पुस्तकाची प्रस्तावना मार्गारेट मरे (१८६३–१९६३) यांची होती, आणि येथे वादातली सर्वांत उपयोगी गाठ आहे. मरे मूळच्या इजिप्तविद्येच्या अभ्यासक. युरोपात चेटकीण म्हणून जाळलेल्या बायका प्रत्यक्षात एका ख्रिस्तपूर्व धर्माच्या अनुयायी होत्या, हा सिद्धान्त त्यांनी १९२१ मध्ये मांडला, आणि परी म्हणजे त्या भूमीतील मूळच्या, बुटक्या, डोंगरदऱ्यांत ढकलल्या गेलेल्या लोकांची आठवण, ही कल्पना त्याला जोडली. ही दुसरी कल्पना त्यांचीही नव्हे. स्कॉटिश लेखक डेव्हिड मॅकरिची यांनी ती १८९० मध्येच विस्ताराने मांडली होती. गार्डनर यांनी आपल्या पुस्तकात या 'छोट्या लोकां'ची चर्चा केली, आणि परी, चेटूक व प्राचीन धर्म यांची जी मोट आज शिबिरांत बांधलेली दिसते ती अशी तयार झाली. मरे यांनी खटल्यांतील जबान्यांमधून अशक्य वाटणारा मजकूर गाळून सोयीचा तेवढा उद्धृत केला होता, हे नॉर्मन कोहन यांनी १९७५ मध्ये मूळ जबान्या शेजारी ठेवून दाखवले, आणि तेव्हापासून इतिहासकारांत त्या सिद्धान्ताला आधार उरलेला नाही.

याचा परिणाम काय होतो तो नीट समजून घ्यावा, कारण येथे हुशार माणसेही घसरतात. समर्थक म्हणतात, गार्डनर यांना भेटलेल्या मंडळीचे आचार मरे यांच्या वर्णनाशी जुळतात, म्हणून ते प्राचीन असले पाहिजेत. मरे यांचे वर्णन खरे असते तर हा पुरावा झाला असता. ते वर्णनच चुकीचे निघाल्यावर मात्र जुळणी उलट बोलू लागते: जे कधी अस्तित्वातच नव्हते त्याच्याशी हुबेहूब जुळणारी वस्तू ते पुस्तक वाचलेल्या माणसानेच घडवलेली असणार. परीक्षेत दोन उत्तरपत्रिकांत एकच चूक सापडली की मास्तर काय ओळखतात, तसेच हे आहे.

गार्डनर यांच्या वह्या उरल्या आहेत आणि त्यांत विधी टप्प्याटप्प्याने घडताना दिसतात. १९५३ मध्ये त्यांच्याकडून दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएंटी यांनी विधींच्या मजकुरात अलेस्टर क्राउली या इंग्रज गूढविद्यावाद्याच्या ओळी ओळखल्या, तसे गार्डनर यांना तोंडावर सांगितले, आणि पुढे त्यातील बराच भाग स्वतः नव्याने लिहिला. इतिहासकार रोनल्ड हटन यांनी १९९९ मध्ये या सगळ्याचा सविस्तर इतिहास लिहिला आणि बहुसंख्य जाणत्या विक्कन लोकांनी त्यातला निष्कर्ष पचवलाही. ही गोष्ट बैठकीत आवर्जून सांगावी. विक्का विसाव्या शतकात घडला हे कबूल करणारे विक्कनच आज पुष्कळ आहेत. तसे म्हणणारा प्रत्येक जण त्यांचा वैरी नसतो.

अँडरसन यांची परंपरा वेगळ्या रीतीने तपासावी लागते. व्हिक्टर अँडरसन लहानपणापासून जवळजवळ अंध होते आणि १९२६ मध्ये, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षी, एका वृद्ध स्त्रीने आपल्याला दीक्षा दिल्याचे सांगत. ही साखळीची एक कडी झाली खरी, पण तिच्या पलीकडे काही दाखवता येत नाही. उलट त्यांच्या शिकवणीतील तीन आत्म्यांची कल्पना हवाईच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या 'हुना'शी जुळते, आणि हुना हे नाव व ती मांडणी मॅक्स फ्रीडम लाँग या अमेरिकी लेखकाने १९३० च्या दशकात पुढे आणलेली आहे. फेरी परंपरेतील लोक स्वतःला काव्याच्या आणि दृष्टान्ताच्या वाटेने जाणारे म्हणवतात. वयाचा दावा सोडून दिला तर त्यांच्याशी भांडण्यासारखे फारसे उरत नाही, असे माझे मत आहे.

आजीची गोष्ट मात्र वेगळ्या रकान्यात लिहावी. 'मला आजीने शिकवले' हा दावा विक्काच्या इतिहासात इतक्या वेळा आलेला आहे की त्याला हसण्याची पद्धतच पडली आहे. इंग्लंडमध्ये विक्काची स्वतःची शाखा काढणारे अलेक्स सँडर्स यांचे नाव त्यात प्रथम येते. पण गोव्यात बसून आजीला हसताना जरा सांभाळावे. आपल्या घरांतील निम्मे ज्ञान आजीकडूनच आलेले असते. विचारायचे ते एवढेच: आजीने नेमके काय शिकवले? झाडपाल्याचे औषध, दृष्ट काढणे, एखादा मंत्र, की वर्तुळ, चार दिशा आणि आठ सण? पहिल्या प्रकारच्या गोष्टी कोणत्याही आजीकडे असू शकतात. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी १९५४ पूर्वीच्या आजीकडे असतील, तर त्या तिच्याकडे कशा आल्या हे दाखवावे लागेल. 'शपथ आहे, सांगता येत नाही' असे उत्तर आले तर ते खोडू नये आणि मान्यही करू नये. पाटीवर ती कडी कोरी ठेवावी.

वस्तू काय सांगतात ते पाहावे

ग्रंथ हाताशी नसतील तेव्हा विधीत वापरलेल्या वस्तू विचाराव्यात. पंख असलेली परी दिसली की चित्रकलेचा इतिहास आठवावा, कारण लोककथांतील शी चालतात, घोड्यावरून मिरवणूक काढतात, वावटळीतून जातात, पण फुलपाखराचे पंख त्यांना अठराव्या शतकाच्या अखेरच्या चित्रांनी आणि त्यानंतरच्या इंग्रजी रंगभूमीने लावले. पृथ्वी, जल, वायू, अग्नी यांचे चार परीगण आले तर ते पॅरासेल्सस (१४९३–१५४१) या वैद्याच्या लिखाणातून आलेले आहेत, आयरिश शेतकऱ्याकडून आलेले नाहीत. १९१७ मध्ये कॉटिंग्ली येथे दोन मुलींनी काढलेली परींची छायाचित्रे कोणी पुढे केली, तर १९८३ मध्ये त्यांनीच कागदी आकृत्या कापून टोपीच्या टाचण्यांनी उभ्या केल्याचे सांगितले होते, हे सौम्यपणे कळवावे. भाषाही साक्षीदार असते. आयरिश परंपरेचे म्हणून 'विट्टा' हे नाव १९९० च्या दशकात पुढे आले. आयरिशच्या पारंपरिक वर्णमालेत १८ अक्षरे असून हे नाव ज्या 'डब्ल्यू'ने सुरू होते ते अक्षर त्यांत नाही. आणि प्राचीन आयरिश विधीत बटाटा आला, तर तो त्या बेटावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचला, एवढे पुरे.

दुसऱ्या बैठकीत मी बटाट्याचे उदाहरण मोठ्या ऐटीत दिले. भाची शांतपणे म्हणाली, "मामा, मग आपल्या देवचाराला विडी कधीपासून देतात?"

आमच्या कुळागरात पाटाच्या वरच्या अंगाला, जेथे पोफळी संपून काजूची झाडे लागतात, तेथे एक दगड आहे. माझे वडील तेथे वर्षातून एकदा केळीच्या पानावर रोट ठेवीत, शेजारी विड्यांचे बंडल सोडून त्यातली एक विडी स्वतः पेटवून दगडाच्या कडेला आडवी ठेवीत, आणि गाऱ्हाणे घालून मागे न पाहता परत येत. मीही ते करतो. तंबाखू अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर आला, काजूही तसाच आला, आणि आई ज्या मिरच्यांनी आमची दृष्ट काढीत असे त्यादेखील. म्हणजे माझ्या स्वतःच्या कसोटीने माझ्या देवचाराची विडी पाचशे वर्षांच्या आतली ठरते. मला उत्तर सुचायला वेळ लागला, आणि सुचले ते असे: वस्तूवरून विधीच्या त्या रूपाचे वय कळते, विधीमागच्या समजुतीचे कळत नाही, आणि जिवंत परंपरा हाताला लागेल ते उचलते. वडिलांनी ती विडी अनादी असल्याचे कधी म्हटले नव्हते. त्यांनी फक्त सांगितले होते की त्यांचे वडीलही ठेवीत. बटाट्याचा दोष बटाट्यात नसतो, 'प्राचीन' या शब्दात असतो. तेव्हा ही कसोटी वापरणाऱ्याने ती आधी आपल्या अंगणात वापरून पाहावी. दुसऱ्या कोणी वापरून दाखवली की तोंड जरा उतरते, हे स्वानुभवाने सांगतो.

शत्रूने लिहिलेला कागदही वाचावा

समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा त्यांनी मांडला नाही तर आपण होऊन मांडावा. त्याने वादाची पातळी वाढते. चेटूक आणि परी यांचा संबंध मरे यांनी हवेतून काढलेला नव्हता. स्कॉटलंडमधील ऑल्डर्न येथील इझोबेल गाउडी या बाईने १६६२ मध्ये दिलेल्या जबान्यांत ती टेकडीच्या पोटात गेल्याचे, परीराणीने पोटभर जेवू घातल्याचे आणि तेथल्या डुरकणाऱ्या बैलांना आपण भ्यायल्याचे वर्णन आहे. बेसी डनलॉप हिचा १५७६ मधील खटलाही असाच. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातील एकोणिसाव्या शतकातील बिडी अर्ली ही वैदूबाई परींकडून मिळालेल्या बाटलीत पाहून रोग सांगत असे अशी तेथे आख्यायिका आहे. म्हणजे परींशी संबंध असल्याचे सांगणारी, लोकांना औषध देणारी माणसे खरोखरच होती.

असे कागद कसे वाचायचे ते गोव्याच्या माणसाला वेगळे शिकवावे लागू नये. गोव्यातील इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगिजांचे धर्मन्यायालय, १५६० ते १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड सोडल्यास, चालू होते, आणि तिचा १७३६ चा आदेश पाहिला तर बाटलेल्या कुटुंबांनी अंगणात तुळस ठेवू नये, मीठ न घालता भात शिजवू नये अशी लांबलचक यादी सापडते. आदेश काढणाऱ्याला ते आचार पुसायचे होते, पण त्यानेच ते तारखेसह आपल्यासाठी लिहून ठेवले. मनाई झाली म्हणजे लोक ते करीत होते, इतके त्यावरून खात्रीने म्हणता येते. ते कोणत्या भावाने करीत होते हे त्यावरून म्हणता येत नाही. गाउडीच्या जबानीलाही हीच शिस्त लावावी. प्रश्न विचारणाऱ्या पाद्र्याला सैतान हवा होता, म्हणून सैतानाचा भाग संशयाने वाचावा. टेकडीतील जेवण आणि बैल त्याने मागितलेले दिसत नाहीत, म्हणून ते बहुधा तिच्या गावच्या समजुतीतून आलेले आहेत. एवढे मान्य केल्यावर विचारावे: यातून संघटित धर्म, दीक्षा, आठ सण, किंवा आजच्या शिबिरापर्यंत येणारी साखळी सिद्ध होते का? होत नाही. धागे जुने आहेत. वस्त्र गार्डनर यांच्या नंतरच्या मागावर विणलेले आहे.

मातीच्या प्रश्नाला या वादात सहसा कोणी हात लावत नाही, वास्तविक सर्वांत रसाळ भाग तोच आहे. आयर्लंडमध्ये परींना बोलावण्याचे विधी फारसे नव्हते. होते ते त्यांना लांब ठेवण्याचे. लोखंड उंबऱ्याशी ठेवायचे, पहिल्या दुधाचे थेंब त्यांच्या वाट्याचे म्हणून सांडायचे, आणि नाव न घेता 'भली माणसे' म्हणायचे. त्या भीतीची काळी बाजूही होती. १८९५ मध्ये टिपेररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या तरुण स्त्रीला, ती खरी बायको नसून परींनी बदलून ठेवलेले सोंग आहे असे म्हणत, तिच्या नवऱ्याने जाळले आणि त्याला मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. दुसरीकडे, १९९९ मध्ये क्लेअर परगण्यातील लाटून येथे नव्या महामार्गाच्या आखणीत एक काटेझुडूप येत होते. ते परींचे असल्याचे एका कथेकऱ्याने जाहीरपणे सांगितले आणि ते झुडूप वाचले. रुंदीकरणात घुमटीपाशी येऊन थबकलेले रस्ते आपण पाहिले आहेत, त्यामुळे हे वाचून मला अजिबात नवल वाटले नाही. ही श्रद्धा सांगणारे लोक रविवारी चर्चला जाणारे कॅथलिक होते आणि आहेत. त्यांच्या तोंडची सामग्री पाहायची असेल, तर १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांनी आपल्या आजी-आजोबांकडून उतरवून घेतलेल्या कथा डब्लिनच्या विद्यापीठातील राष्ट्रीय लोकसाहित्य संग्रहाने संगणकावर मोफत उपलब्ध करून दिल्या आहेत. शिबिरातील टिपणे एका बाजूला आणि या वह्यांतील चार पाने दुसऱ्या बाजूला ठेवून एकदा वाचावीत. फरक सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

बैठक चालवताना

दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. मराठीत बोलताना 'विच' या शब्दासाठी चेटकीण हा शब्द वापरू नये. 'विक्कन' असेच म्हणावे. आपल्या देशात चेटकीण ठरवून बायकांना मारल्याच्या घटना घडतात, झारखंडला त्यासाठी २००१ मध्ये स्वतंत्र कायदा लागू करावा लागला, आणि घरातल्या मुलीला गमतीने तो शब्द लावण्याइतका तो हलका नाही. कायद्याचा दाखला उलट बाजूनेही येतो: अमेरिकेतील न्यायालयाने १९८६ मध्ये विक्काला धर्म म्हणून मान्यता दिली, हे खरे, पण न्यायालयाने वय तपासले नव्हते, आचरणाऱ्यांची श्रद्धा पाहिली होती. तो दाखला चौथ्या, म्हणजे निष्ठेच्या, रकान्यात टाकावा.

ज्याने पैसे भरून शिबिर केले आहे त्याला प्रथम बोलू द्यावे, आणि फीचा विषय त्याने काढल्याशिवाय काढू नये. मी पहिल्या बैठकीत तो काढला आणि उरलेली संध्याकाळ तोच चघळला गेला. प्रत्येक दाव्यापुढे वर्ष लिहायला सांगावे. वर्ष सांगता आले नाही तर रकाना रिकामा राहू द्यावा, कोणी तो टोमण्याने भरू नये. दोन तासांत एकच परंपरा घ्यावी.

शेवटी सर्वांना मान्य होईल असे टिपण जागेवरच लिहून वाचून दाखवावे. आमचे असे झाले: 'या शिबिरात शिकवलेल्या विधींचा आराखडा इ. स. १९५० च्या आसपास इंग्लंडमध्ये घडला. त्यातील देवतांची व काही सणांची नावे जुन्या आयरिश ग्रंथांत आहेत. परींशी संबंध सांगणाऱ्या व्यक्तींचे पुरावे सोळाव्या शतकापासून मिळतात. त्यांच्यापासून आजपर्यंतची साखळी दाखवता येत नाही. आयर्लंडमधील परीश्रद्धा अजून जिवंत आहे आणि ती या विधींपेक्षा वेगळी आहे. आचरणाऱ्यांच्या अनुभवाविषयी या बैठकीने मत दिलेले नाही.' मसुद्यात मी 'सिद्ध होत नाही' असे लिहिले होते. 'दाखवता येत नाही' हा बदल भाचीचा, आणि तो माझ्या शब्दापेक्षा अचूक आहे.

प्रमाणपत्र तिने टाकून दिलेले नाही. ते तिच्या कपाटाच्या दाराला आतून लावलेले आहे. 'अखंड' आणि 'हजारो वर्षांची' या शब्दांवर तिने पेन्सिलीने रेघ मारली आहे. परीचे पंख मात्र तसेच ठेवले आहेत, ते तिला आवडतात.